कॉमिक्समधला खलनायक नायक कसा होतो? जहांगीरच्या चित्रातला मलिक अंबर आणि त्याने वसवलेलं शहर

हे चित्र तुमच्या टाइमलाइनवर कधी ना कधी येऊन गेलं असेल. एक बादशाह पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलावर टेकलाय आणि बैल माशावर. बादशाहाच्या हातात ताणलेलं धनुष्य आहे. समोर भाल्यावर एक कापलेलं मुंडकं रोवलंय, काळ्या वर्णाच्या माणसाचं. त्यावर घुबड बसलंय. बादशाहाचा बाण थेट त्या मुंडक्यावर सुटतोय. आकाशातून पंखवाली बाळं बादशाहाला शस्त्रं पुरवतायत आणि जागोजागी बारीक फारसी अक्षरांत बादशाहाचं गुणगान लिहिलंय.

बादशाह म्हणजे जहांगीर. मुंडकं मलिक अंबरचं. चित्रकार अबुल हसन, काळ १६१६च्या आसपास. मूळ चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

पाहणाऱ्याला वाटावं की जहांगीरने अंबरला हरवलं, मारलं आणि वर नेमबाजीही केली. यातलं काहीच झालं नाही. जहांगीरचा आणि अंबरचा समोरासमोर सामना कधीच झाला नाही. अंबर मुघलांच्या हाती कधी लागला नाही. तो १६२६ साली वयाच्या ऐंशीच्या घरात आपल्याच मुलखात वारला. त्यानंतर दीड वर्षाच्या आत जहांगीरही गेला.

थोडक्यात, बादशाहाला जे रणांगणावर जमलं नाही ते त्याने कागदावर करून घेतलं. नायक प्रचंड, प्रकाशात, सगळी सृष्टी त्याच्या बाजूने. खलनायक काळा, अंधाराशी आणि घुबडाशी जोडलेला आणि त्याला बोलायला एक शब्दही नाही. चौकट, प्रतीकं, मजकूर सगळं एकाच पानावर. चारशे वर्षांपूर्वीचं हे कॉमिक्सचं पान म्हणायला हरकत नाही.

या पानावरचा खलनायक पुढे नायक झाला. तोही अशा शहरात, जे त्यानेच वसवलं आणि ज्याचं नाव नंतर तीनदा बदललं. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर. खलनायकाचा नायक होताना नेमकं काय काय घडतं हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मराठी मुलखात शोधून सापडणार नाही.

आधी खऱ्या कॉमिक्सकडे बघू

कॉमिक्सवाल्यांनी हे काम इतक्या वेळा केलंय की त्याच्या ठरलेल्या युक्त्या आहेत.

मॅग्नेटो घ्या. १९६३ साली ‘एक्स-मेन’च्या पहिल्याच अंकात तो आला तेव्हा जगावर राज्य करू पाहणारा साधा सरळ दुष्ट माणूस होता. त्याला भूतकाळ नव्हता, गरजही वाटली नव्हती. १९८१ साली लेखक क्रिस क्लेअरमाँटने त्याला भूतकाळ दिला: लहानपणी नाझींच्या छळछावणीत कुटुंब गमावलेला मुलगा. मॅग्नेटोची आधीची कृत्यं तीच राहिली, पण वाचकाच्या मनात त्यांचा अर्थ फिरला. माणसं त्याच्याशी भांडता भांडता त्याचं म्हणणं ऐकू लागली. चारच वर्षांत, १९८५ साली, ज्या शाळेशी तो लढत आला होता तिचीच सूत्रं लेखकाने त्याच्या हातात दिली.

व्हेनमची गोष्ट वेगळी. १९८८ साली स्पायडरमॅनचा जीव घ्यायला निघालेला हा राक्षस वाचकांना इतका आवडला की त्याला खलनायक ठेवणं परवडेना. मग १९९२ साली त्याच्याहून भयंकर कार्नेज आणला गेला. कार्नेजच्या शेजारी उभा केला की व्हेनम बरा वाटायला लागतो. १९९३ साली व्हेनमची स्वतःची मालिका निघाली, त्यात तो चक्क निरपराधांचा रक्षक होता.

आपल्याकडे राज कॉमिक्सचा नागराज आहे. १९८६ साली आलेल्या पहिल्याच अंकात तो प्रोफेसर नागमणीने तयार केलेलं भाडोत्री हत्यार होता. बाबा गोरखनाथ त्याच्या डोक्यातली कॅप्सूल काढतात आणि तो दहशतवादाचा शत्रू होतो. दोष कुणाचा, तर कॅप्सूलचा. नागराज कोरा करकरीत. मुलांच्या कॉमिक्ससाठी ही युक्ती झकास आहे. पण इतिहासातल्या माणसांनाही लोक हीच कॅप्सूल लावतात, तेव्हा जरा जपून राहावं लागतं.

म्हणजे एक तर दुखरा भूतकाळ द्यायचा, नाही तर मोठा शत्रू आणायचा, नाही तर दोष दुसऱ्याच्या माथी मारायचा. चौथी युक्ती कुणी उघड सांगत नाही, ती म्हणजे नडणारी पानं छापायचीच नाहीत.

मराठी वाचकाला एक पाचवी युक्तीही ठाऊक आहे, आणि ती मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली. त्यात कर्ण स्वतः बोलतो. कुंती, वृषाली, शोण, कृष्ण बोलतात आणि दुर्योधनही बोलतो. महाभारतातल्या घटना आहेत तिथेच आहेत, द्यूत आहे, वस्त्रहरण आहे. सावंतांनी फक्त माइक दुसऱ्या बाजूला फिरवला. आज मराठी घरांत कर्णाबद्दल जी माया दिसते त्यात या एका कादंबरीचा वाटा फार मोठा आहे.

जहांगीरच्या चित्रात माइक फक्त जहांगीरकडे आहे. तो काढून घेतला तर काय दिसतं?

भाल्यावरच्या मुंडक्याची गोष्ट

अंबरचा जन्म १५४८च्या सुमारास आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीचं नाव चापू. लहान वयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्रावरचं मोखा बंदर, मग बगदाद असा त्याचा प्रवास झाला. बगदादला मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं. तिथेच तो मुसलमान झाला आणि त्याला अंबर हे नाव मिळालं.

१५७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो दख्खनमध्ये आला. त्याला विकत घेतलं अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने. नावावर जाऊ नका, मंगोलांशी त्याचा काही संबंध नाही. हा चंगेजखानही हबशी होता आणि स्वतः गुलामीतून वर आलेला होता. दख्खनच्या सुलतानांना लढायला बाहेरची माणसं लागत, कारण स्थानिक सरदारांच्या आपसातल्या नात्यागोत्यांत ती अडकलेली नसत. त्यामुळे गुलाम सैनिक, मग मुक्त सैनिक, मग सरदार अशी शिडी हबशांना उपलब्ध होती. चढणारे थोडेच. अंबर त्यातला एक.

चंगेजखान वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. पुढची वीस वर्षं त्याने भाडोत्री शिपाईगिरी केली, काही काळ विजापूरकरांकडेही नोकरी केली. आपलं छोटं पथक बांधलं आणि तो निजामशाहीत परत आला. १६०० साली चांदबीबी मारली गेली, अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला आणि निजामशाही संपली असं सगळ्यांनी धरलं.

अंबरने ते धरलं नाही. निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून त्याने त्याला दुसरा मुर्तजा म्हणून परांड्याला गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. आजच्या धाराशिव जिल्ह्यातला हा परांड्याचा किल्ला, मग जुन्नर, मग दौलताबाद अशी राजधानी फिरत राहिली. मुघलांकडे पैसा, तोफा, माणसं सगळं जास्त. अंबरकडे हलके घोडेस्वार होते आणि त्यातले बरेचसे मराठे. समोरासमोर लढायचं नाही, रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, डोंगरात ओढून न्यायचं. मुघल लेखक या पद्धतीला बर्गीगिरी म्हणत. आपण गनिमी कावा म्हणतो.

१६१० साली त्याने अहमदनगर परत घेतलं. त्याच सुमारास दौलताबादजवळच्या खडकी गावी नवं शहर वसवायला घेतलं. कोरड्या मुलखात शहर म्हणजे आधी पाण्याचा प्रश्न. त्यावरचं उत्तर म्हणजे नहर-ए-अंबरी. उत्तरेकडच्या डोंगराळ भागातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. ना मोट, ना रहाट. पुढची कित्येक शतकं या शहराची तहान त्यावर भागली. पाणचक्की पाहायला जाणारे बरेच जण तीही अंबरचीच समजतात. ती त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने झाली. अंबरची खूण शोधायची तर भडकल दरवाजा बघा. १६१२ सालचा हा दरवाजा मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधल्याचं सांगतात.

१६१६ साली जालन्याजवळ रोशनगावला मात्र मुघलांनी त्याला हरवलं आणि खडकीत शिरून शहर उद्ध्वस्त केलं. जहांगीरचं ते चित्र याच काळातलं आहे. म्हणजे चित्राला एका खऱ्या विजयाचा आधार होता, पण मुंडकं मात्र कल्पनेतलं. अंबरने खडकी पुन्हा उभी केली. १६२१ साली मुघल फौजेने ती पुन्हा उद्ध्वस्त केली. ती पुन्हा उभी राहिली.

मग १६२४ची भातवडी. अहमदनगरजवळचं (आता अहिल्यानगर) हे गाव. समोर मुघल आणि विजापूर अशा दोन फौजा. अंबरने तळ्याचा बांध फोडून पाणी शत्रूच्या तळाकडे सोडलं. चिखलात रुतलेल्या, उपाशी, रात्रीच्या छाप्यांनी हैराण झालेल्या सैन्यावर मग तो तुटून पडला. या लढाईत त्याच्या बाजूने मालोजीराजे भोसल्यांचे दोन्ही मुलगे होते, शहाजी आणि शरीफजी. शरीफजी तिथेच पडले. शहाजीराजे पुढे काय झाले आणि त्यांचा मुलगा कोण, हे सांगायची गरज नाही.

शत्रूने काय लिहिलं?

जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात अंबरला नावाने हाक मारतानाही शिवी घालायचं सोडलं नाही. काळतोंड्या, काळ्या नशिबाचा असली विशेषणं पुन्हा पुन्हा येतात. शत्रूचा राग समजू शकतो, पण इथे रंगावरून केलेला तिरस्कार स्पष्ट आहे. चित्रातलं घुबड आणि अंधार यांचाही तोच अर्थ आहे.

गंमत अशी की मुघलांनीच याच्या उलटही लिहून ठेवलंय. जहांगीरच्याच दरबारातल्या मुतमदखान या इतिहासकाराने अंबरच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या युद्धकौशल्याची, न्यायाची आणि कारभाराची तोंड भरून स्तुती केली. एका हबशी गुलामाने एवढी उंची गाठल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही, असा त्याचा सूर आहे. दख्खनशी जवळून परिचय असलेल्या हाशिम या मुघल चित्रकाराने अंबरचं जे व्यक्तिचित्र काढलं ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पांढरा अंगरखा, भरदार शरीर, थकलेला पण करारी चेहरा. ना घुबड, ना भाला. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. साधारण एकाच काळात, एकाच दरबारासाठी काम करणाऱ्या दोन चित्रकारांनी एकच माणूस काढलाय.

मराठी मुलखात अंबर बहुधा कधी खलनायक नव्हताच. कवींद्र परमानंदाचं ‘शिवभारत’ हे शिवरायांच्या काळात लिहिलेलं संस्कृत काव्य. त्यात भातवडीचं वर्णन आहे आणि अंबरचा उल्लेख गौरवाने येतो. त्याहून टिकाऊ आठवण जमिनीच्या कागदांत राहिली. अंबरने गावोगावच्या जमिनीची पाहणी करून, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरवला. ही पद्धत मलिकंबरी धारा म्हणून पुढच्या काळातही ओळखली जात होती. एकोणिसाव्या शतकात मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनेही तिची वाखाणणी केली. लढाया गावकरी विसरतात. सारा कुणी किती लावला हे विसरत नाहीत.

विसाव्या शतकात इतिहासकारांनी त्याच्यावर स्वतंत्र पुस्तकं लिहिली. २००५ साली रिचर्ड ईटन यांनी दख्खनचा सामाजिक इतिहास आठ आयुष्यांतून सांगितला, त्यातलं एक अंबरचं. २०१६ साली अमेरिकेतल्या ओमर अली यांनी त्याचं चरित्र लिहिलं, २०१८ साली मनू पिल्लई यांच्या ‘रिबेल सुल्तान्स’मधून तो इंग्रजी वाचणाऱ्या तरुणांपर्यंत गेला. गुलामगिरीचा इतिहास शोधणाऱ्या आफ्रिकन वंशाच्या वाचकांना तो आपला वाटतो. तिकडचे लोक आता हे नाव घेऊन आपल्या शहरात येतात आणि आपल्यातल्या कित्येकांना भडकल दरवाजा कुणाचा हे सांगता येत नाही, हे मात्र जरा लागतं.

न छापलेलं पान

आता ती चौथी युक्ती. अंबरच्या पोस्ट फिरतात त्यात गुलाम मुलगा असतो, गनिमी कावा असतो, नहर असते. १६१० साल अर्धंच असतं.

त्या साली त्याने अहमदनगर घेतलं आणि खडकी वसवायला सुरुवात केली हे वर आलंच. त्याच साली त्याने ज्याला गादीवर बसवलं होतं त्या दुसऱ्या मुर्तजाचा, म्हणजे स्वतःच्या जावयाचा, विषप्रयोगाने शेवट झाला. पीटर वान डेन ब्रोक हा डच व्यापारी १६१७ साली अंबरला भेटला होता. त्याने लिहून ठेवलंय की मुर्तजाच्या थोरल्या राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं आणि अंबरलाही बंडखोर म्हटलं. मुलीने बापाला सांगितलं. काही काळात राजा आणि थोरली राणी दोघंही विषाने मेले. गादीवर पाच वर्षांचा मुलगा आला आणि कारभार अर्थातच अंबरकडे राहिला.

हे पान नायकाच्या कॉमिक्समध्ये बसत नाही. कॅप्सूलही लावता येत नाही. ज्या माणसाला गुलाम म्हणून हिणवलं गेलं त्याचा संताप आपल्याला कळतो, आणि तरी हा राजाचा आणि त्याच्या राणीचा खून आहे. दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत ठेवाव्या लागतात. एरवी आपण जहांगीरने केलं तेच करतो, फक्त रंग उलटे भरतो.

आणखी एक अडचण. हबशी म्हटलं की बहुतेक मराठी वाचकांच्या डोळ्यांसमोर अंबर येत नाही, जंजिऱ्याचा सिद्दी येतो. शिवचरित्राच्या गोष्टींमध्ये तो ठरलेला शत्रू आहे. जंजिराही मुळात निजामशाहीचाच. आफ्रिकेतून आलेल्या एकाच समाजातली ही माणसं एका गोष्टीत शत्रू आणि दुसरीत शहाजीराजांचे धनी. चौकट कुठे आखली यावर सगळं ठरतं.

शहराच्या आताच्या नावाची गोष्ट

खलनायकाचा नायक होण्याचं याहून मोठं आणि आपल्या जिव्हाळ्याचं उदाहरण शहराच्या नावातच आहे. आज छत्रपती संभाजी महाराजांबद्दल कुणी वावगं बोललं तर महाराष्ट्र पेटून उठतो. पण शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी रंगभूमीवर आणि पुस्तकांत त्यांची प्रतिमा वेगळी होती: व्यसनी, रंगेल, बापाच्या कर्तृत्वाला न शोभणारा मुलगा.

ही प्रतिमा आली कुठून? बराचसा भाग मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीतून. ती लिहिली गेली १८१०च्या आसपास, म्हणजे महाराजांच्या हत्येनंतर सुमारे १२० वर्षांनी. आणि लेखक कोण? संभाजी महाराजांनी १६८१ साली कटाच्या आरोपावरून ज्यांना देहदंड दिला त्या बाळाजी आवजी चिटणीसांच्या वंशातला. माइक कुणाच्या हातात होता ते बघा. पुढे नाटककारांनी बखरीवर रंग चढवले. राम गणेश गडकऱ्यांचं ‘राजसंन्यास’ त्यातलंच. गडकरी १९१९ साली वारले, नाटक अपुरंच राहिलं. त्यातल्या चित्रणाचा राग इतका टिकला की जानेवारी २०१७मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा काही कार्यकर्त्यांनी उखडून टाकला.

प्रतिमा बदलली ती मात्र पुतळे पाडून नाही. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षं अस्सल कागदपत्रं गोळा करून १९६० साली संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. पाठोपाठ कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं. बखरीत काय आहे आणि समकालीन कागदांत काय आहे हे दोघांनी ताडून पाहिलं. नऊ वर्षं एकाच वेळी मुघल, सिद्दी, पोर्तुगीज अशा शत्रूंशी लढणारा, संस्कृत जाणणारा राजा त्यातून पुढे आला. मग १९७९ साली सावंतांच्या ‘छावा’ने तो घराघरात नेला. २०१७पासून टीव्हीवरच्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ने आणि फेब्रुवारी २०२५मध्ये हिंदी चित्रपटाने उरलेलं काम केलं. आधी पुरावा, नंतर कादंबरी, मग पडदा. या क्रमाला महत्त्व आहे, कारण सोशल मीडियावर बहुतेकदा पडदा आधी येतो आणि पुरावा येतच नाही.

नडणारं पान इथेही आहे. डिसेंबर १६७८मध्ये संभाजीराजे मुघल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि सुमारे वर्षभराने परतले. गंभीर चरित्रकारांनी हे पान गाळलं नाही. घरातली राजकारणं, तरुण युवराजाची कोंडी असं सगळं मांडून त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला. रीलमध्ये मात्र ते एक तर नसतं, नाही तर तेवढंच असतं.

अंबरला कुठल्या बाजूला बसवायचं?

खडकीला अंबरच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा फतेहखानाने फतेहनगर नाव दिलं. १६५३ साली दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद केलं. मे १९८८मध्ये बाळासाहेब ठाकरेंनी जाहीर सभेत संभाजीनगर म्हणायला सुरुवात केली. त्यानंतर सरकारी ठराव, कोर्टकचेऱ्या असं बरंच झालं आणि २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राने छत्रपती संभाजीनगर या नावाला मंजुरी दिली.

या सगळ्या वादात दोनच पात्रं आहेत, संभाजी महाराज आणि औरंगजेब. एक नायक, एक खलनायक, कॉमिक्ससारखीच स्वच्छ वाटणी. शहर ज्याने वसवलं तो या वाटणीत बसत नाही. तो मुसलमान होता आणि आयुष्यभर मुघलांशी लढला. तो परदेशातून आलेला होता आणि दख्खनसाठी लढला. संभाजी महाराजांचे आजोबा शहाजीराजे आणि चुलत आजोबा शरीफजी त्याच्या झेंड्याखाली लढले. एका गटाने त्याला आपला म्हणायचं तर त्याचा धर्म गाळावा लागतो. दुसऱ्याने म्हणायचं तर त्याचे शत्रू कोण होते ते गाळावं लागतं. मला वाटतं, त्याची जयंती-पुण्यतिथी जोरात न होण्याचं खरं कारण हेच आहे. माणूस मोठा आहे, पण कुणाच्याच पोस्टरवर पूर्ण मावत नाही.

याचा सगळ्यात लख्ख पुरावा शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर खुलताबादला आहे. तिथे औरंगजेबाची कबर आहे, उघड्या आभाळाखालची, साधी. मार्च २०२५मध्ये तिच्यावरून वातावरण तापलं, ती हटवावी अशी मागणी झाली, नागपुरात दंगल झाली, खुलताबादला पोलिसांचा बंदोबस्त वाढला. राज्यभरातले कॅमेरे त्या गावात होते. त्याच गावात मलिक अंबरचीही कबर आहे. मोठा घुमट असलेली, लांबूनही दिसणारी. जवळच त्याची पत्नी सिद्दी करीमा हिची कबर आहे. मुघलांना पंचवीस वर्षं झुंजवणारा माणूस आणि सहावा मुघल बादशाह, दोघंही एकाच गावात पुरलेले. त्या दिवसांत फोनवर आलेल्या शेकडो व्हिडिओंपैकी त्या घुमटाकडे वळलेला एकही कॅमेरा निदान माझ्या पाहण्यात आला नाही.

उद्या कुणी अंबरवर मराठी कॉमिक्स काढायचं ठरवलं, आणि काढायला हवं, तर साहित्य तयार आहे. मोख्याच्या बाजारातला मुलगा, परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवलेला गोंधळलेला तरुण, भातवडीचा फुटलेला बांध, मुलीचा अपमान ऐकणारा बाप आणि त्यानंतरचा विषाचा पेला. शेवटच्या पानावर जहांगीरचं चित्र जसंच्या तसं छापता येईल, खाली फक्त दोन साली टाकून: चित्र १६१६, अंबरचा मृत्यू १६२६.